वजन म्हणून

माय, आज मला गाडीत वजन म्हणून बसवलं होतं. माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच कारागिराने. एका हौशी गिऱ्हाइकाची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स गाडी आली आहे. आवाज मोठा आणि अंगात काही उरलेलं नाही, अशी. शॉकअप गळालेले, स्प्रिंगा बसलेल्या, रबरी बुशांचा भुगा झालेला. नवीन माल आणला, बसवला, आणि शेवटी बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा सीटवर ठेवायला वजन सापडेना. वाळूच्या पिशव्या कुणीतरी पत्र्याचा दरवाजा अडवायला नेल्या होत्या. मी म्हटलं, मीच बसतो. बसलो. तर हा खालून ओरडतो, "शेठ, हलू नका हो, तुम्ही हललात की सगळी गाडी हलते." मी हलत नव्हतो, माय, निदान मला तसं वाटत होतं. पण पाय हलत होता. मग आरशात बघायला मान वळली. मग डाव्या हाताचा खण उघडून पाहिला, मग खिशातला फोन काढला, मग दार नीट लागलंय का ते पाहिलं. तो पुन्हा ओरडला. शेवटी मी बाहेर आलो आणि त्याला म्हटलं, तू बस वर, मी जातो खाली. या वयात, या गुडघ्यांनी. खाली गेल्यावर मला तुझी आठवण आली असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. आठवण वर बसल्याबसल्याच आली होती, म्हणून तर बसवेना.

तू एक अख्खी दुपार बसली होतीस. न हलता. मी खाली होतो आणि तू वर, त्या लाल गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर, पायाशी तांदळाची गोणी आणि शेजारी तुझ्या शेठची म्हातारी आई, बा. ती दुपार मी इतक्या वेळा आठवली आहे की आता तिच्या कडा झिजल्या असतील असं वाटतं. पण नाही. तुझ्या चपला मला आजही दिसतात. गाडीत पाय ठेवण्याआधी तू त्या काढल्यास आणि दाराजवळ जोडीने ठेवल्यास, देवळात जातात तशा. मी म्हणालो, "माय, गाडीत चपला चालतात." तू म्हणालीस, "तुले काय करनं शे? तू तुन्हं काम कर." त्या चपलांवर नजर ठेवूनच मी खाली सरकलो. पण ते नंतर. मी हा असा आहे, शेवटाकडे धावतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी भाकरी थाप, मग खायला बस.

तर आधीपासून. सुरतेत पर्वत पाटियाला आपली खोली, खाली एका पॉवरलूमच्या खात्यात दिवसभर खडखड चाललेली. बाबा तिथेच मागावर गेले, म्हणजे मागावर काम करता करताच आयुष्य गेलं आणि मग एका हिवाळ्यात ते स्वतःही गेले. तू दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक धरलास, अठवालाईन्सच्या त्या बंगल्यात. शेठचं बाजारात साड्यांचं दुकान. घरात शेठ आणि त्यांची म्हातारी आई, तिला सगळे बा म्हणत, तूही. मी मोठा झालो आणि मागावर जाणार नाही म्हणालो. गाड्यांच्या कामाला गेलो. उधन्याला एका उस्तादाकडे शिकलो, त्याच्याशी भांडलो. इच्छापोरला कारखान्याच्या ट्रकांचं कंत्राटी काम धरलं, सोडलं. इथे कामरेजला पाटे आणि स्प्रिंगांच्या दुकानात बसलो, तिथेही मन लागेना. काम येत नव्हतं असं नाही. काम येत होतं आणि म्हणूनच कंटाळा येत होता. एखादी गोष्ट हाताला बसली की हात शिवशिवायला लागायचे, दुसरं काहीतरी, दुसरीकडे कुठेतरी. तू मला जेवायला वाढायचीस आणि मी उभ्या उभ्या खायचो. "बठीसन खाय रे भाऊ," तू म्हणायचीस. मी बसायचो आणि पाय हलवत राहायचो. शेवटी तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचीस, तेवढ्यापुरता तो थांबायचा.

मग मस्कतचं निघालं. ओळखीतला एकजण तिकडच्या वर्कशॉपात होता, त्याने सांगितलं जागा आहे, ये. मी तुला न विचारता पासपोर्ट करून ठेवला होता. तुझ्या डोक्यात मात्र धुळ्याकडचे पाहुणे होते. मुलगी दहावी झालेली, घरचं बरं, उन्हाळ्यात उरकून टाकू म्हणजे हा इथेच राहील, असा तुझा सरळ हिशोब. मी म्हणालो मला मस्कतला जायचंय. तू म्हणालीस लग्न करून जा. मी म्हणालो मग कशाला जाऊ. त्यावर आपण दोघेही बरेच दिवस बोललो नाही, म्हणजे मीठ आहे का, पाणी आलं का, एवढंच. आणि मग एका संध्याकाळी तू बंगल्यातून आलीस आणि म्हणालीस की शेठकडे एक गाडी पडून आहे, बाच्या नवऱ्याची, त्यांनी आफ्रिकेतून बोटीने आणलेली. बाला तिच्यात बसून एकदा डुमसला दर्याकाठी जायचंय. तू शेठला माझं नाव सांगितलं होतंस. "गाडी व्हई जाऊ दे," तू म्हणालीस, "मंग जाय मस्कतले. मी आडावाव नही." असा आपला करार झाला. गाडी झाली की मी मोकळा. तुला वाटलं असणार की गाडी जुनी आहे, परदेशी आहे, वर्षभर तरी चालेल. मला वाटलं पंधरवड्यात उडवतो.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली ते तुला कधी सांगितलं का? गोदामात, साड्यांच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे. लाल रंग उडून विटकरी झालेला, छप्पर कापडी, तेही उंदरांनी खाल्लेलं. आणि जमिनीला इतकी टेकलेली की मला आधी वाटलं चाकंच नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूने झुकलेली. कोपऱ्यावर हात ठेवून दाबली तर खाली गेली आणि वर आली आणि पुन्हा खाली गेली आणि हलतच राहिली. इंजिन शेठने दुसऱ्याकडून चालू करून घेतलं होतं, त्यामुळे माझ्याकडे काम खालचंच होतं, चाकं आणि अंग यांच्यामध्ये जे काही असतं ते. ते सगळं मेलेलं होतं. पण अंगाची ठेवण सुंदर होती, माय. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि त्या वेळेपुरतं मस्कत विसरलो. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू लगेच पाहुण्यांना बोलावलं असतंस.

गोधडी तू तेव्हाच शिवलीस. माझ्या पाठीपुरती, लहान मुलाची असते तेवढी, तुझ्या दोन जुन्या लुगड्यांची. फरशीवर पाठ टेकून दिवस दिवस पडतोस, हाडात गारठा जाईल, म्हणालीस. मी ती गोदामात नेली तेव्हा शेजारच्या हमालांनी फार हसून घेतलं. "ए भाऊ, सोने आया क्या?" म्हणून. मी ती घडी घालून खोक्यांमागे सारून दिली आणि फरशीवरच पडलो. तुला सांगितलं, छान आहे, ऊब आहे.

आता त्या 'पोची'चं. हे आठवलं की मला अजून हसू येतं. एका संध्याकाळी तू परत आलीस, मी मोरीत हात घासत होतो, खाली माग खडखडतायत, स्टोव्ह फरफरतोय. तू पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणालीस, "शेठनी सांगेल शे, गाडी पोची करजो म्हने." मी ऐकलं, पोचती कर. गाडी पोचती कर, म्हणजे आणून दे, लवकर दे. दुसरं काही ऐकायची माझी तयारीच नव्हती. शेठला घाई आहे म्हटल्यावर माझ्या घाईला काय, मोकळं रानच मिळालं. मी तुला विचारलंही नाही. आणि तू बिचारी कशाला पुन्हा सांगशील? त्या स्वयंपाकघरात तू रोज तो शब्द ऐकत होतीस. बाला दात नव्हते. रोज जेवताना ती म्हणायची, बेन, रोटली पोची करजे. पोची म्हणजे मऊ. तुझ्या दृष्टीने त्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच. मी सुरतेत जन्मलो, गुजराती पोरांबरोबर गोट्या खेळलो, तो शब्द मलाही ठाऊक होता. पण त्या दिवशी माझ्या कानाला फक्त मस्कतचं विमान ऐकू येत होतं.

मग मी जे केलं ते मागवाल्याच्या पोराने करावं तसंच केलं. आपल्या घरात चांगलं म्हणजे कडक. बाबा म्हणायचे, मागाचा कुठलाही भाग ढिला पडला की कापडात डाग. पट्टा कडक हवा, नट कडक हवा, धोटा जिथे येऊन आदळतो तिथलं रबर तर दगडासारखं हवं. तेच रबर मी उचललं. खालच्या खात्यातून जुने ठोकळे आणले, खरादावर कातून त्यांचे बुश काढून घेतले. स्प्रिंगा कामरेजच्या माझ्या जुन्या दुकानात नेल्या. तिथे ट्रकचा माल करायची सवय, त्यांनी स्प्रिंगांना असं पाणी दिलं की त्या विटा भरायला निघाल्यासारख्या ताठ झाल्या. शॉकअपही घट्ट भरून घेतले. आणि शेवटी गाडी हवेत टांगलेली असतानाच, चाकं खाली लोंबत असतानाच, सगळे बोल्ट आवळून टाकले. असं करायचं नसतं. रबर दोन लोखंडांच्या मध्ये धरलेलं असतं. चाकं लोंबत असताना ते आवळलं, की गाडी खाली उतरवल्यावर त्याला जन्मभर पीळ पडून राहतो. आधी गाडी जमिनीवर घ्यायची, तिच्यात माणसांचं वजन द्यायचं, अंग आपल्या जागी बसू द्यायचं, आणि मग आवळायचं. उधन्याच्या उस्तादाने हे मला शिव्या देऊन शिकवलं होतं. पण जमिनीवर घेऊन आवळायचं तर गाडीखाली जागा राहत नाही, फळ्या लावा, माणसं बोलवा, अर्धा दिवस जातो. माझ्याकडे अर्धा दिवस नव्हता. तो वाचवून मी काय करणार होतो, देव जाणे.

गाडी पोचती केली. शेठ तिच्याभोवती फिरले, म्हणाले बरी उंच झाली. बाला बसवून डुमसच्या रस्त्याला निघाले आणि दर्या दिसायच्या आत परत आले. मी घरी बॅग काढून कपडे लावत होतो. निरोप आला, बंगल्यावर ये. मी गेलो तर बा आतल्या खोलीत पालथी पडलेली, कमरेवर गरम पाण्याची पिशवी. शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. ते फक्त म्हणाले, "तारी मा ने पूछ." तुझ्या आईला विचार.

तू स्वयंपाकघरात होतीस. ते स्वयंपाकघर आपल्या अख्ख्या खोलीपेक्षा मोठं, पांढऱ्या फरशीचं, आणि त्यात तू गॅससमोर उभी, पाठमोरी. मला पाहिलंस. तव्यावरची रोटली उलटली, फुगवली, तूप लावलं, आणि ती तशीच माझ्या तळहातावर ठेवलीस. चटका बसला. मी हात मागे घेऊ लागलो तर मनगट धरून ठेवलंस. "आशी," तू म्हणालीस. "पोची म्हंजे आशी. दाबी देख." मी बोट लावलं. बोट आत गेलं आणि रोटली पुन्हा हळूच वर आली. मला कळायला तेवढंच पुरलं. खरं तर बाला पालथी पडलेली पाहिली तेव्हाच कळायला हवं होतं. तू मनगट सोडलंस आणि आवाज न चढवता म्हणालीस, "त्यास्नी भाकर नव्हती मांगी. तुले इतली घाई कसानी शे रे? मन्हापासून दूर जावानी?"

तुझ्यापासून दूर जायची घाई नव्हती, माय. पण जिथे मी असायचो तिथून दूर जायची असायची, आणि तिथे नेमकी तू असायचीस. हे त्या वेळी मला असं सांगता आलं असतं तर मी गॅरेजवाला झालो नसतो. मी ती रोटली खाल्ली, उभ्या उभ्याच, आणि म्हणालो, पुन्हा करतो.

(मध्येच उठून फाटकाला कुलूप लावून आलो. लावलेलंच होतं.)

दुसऱ्यांदा मी खरंच सावकाश केलं, माझ्या मानाने. गाडी उघडली तर मागाच्या रबराच्या त्या बुशांना एकाच दिशेने चिरा गेलेल्या, थोड्याशा चालण्यातच. ते हातात घेऊन मी गोदामाच्या पायरीवर बराच वेळ बसलो. मग उधन्याच्या एका रबरवाल्याकडून साचा करवून नवे बुश ओतून घेतले, नखाने दाबले तर दबतील असे. पहिल्या खेपेचे कडक वाटले, परत दिले. स्प्रिंगा पुन्हा कामरेजला. त्यांना सांगितलं, यात ट्रकचा माल नाही, एक म्हातारी बसणार आहे. ते हसले, पण करून दिलं. शॉकअपचं तेल बदललं, एकेका कोपऱ्यावर हात ठेवून गाडी दाबत गेलो, खाली जाऊन एकदाच वर येऊन थांबेपर्यंत. रोज संध्याकाळी तू विचारायचीस, कुठवर आलं? मी सांगायचो आणि तू ऐकायचीस, भाकरी थापता थापता. चाकं हवेत असताना का आवळायचं नसतं तेही मी तुला तेव्हाच सांगितलं, पिठाच्या डब्यावर चमचा आडवा धरून. तू म्हणालीस, "म्हंजे आंगवर वजन येवाशिवाय घट्ट करनं नही." मी म्हणालो, हां. थापता थापता तुझा हात मात्र थांबला होता. तो का थांबला हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

शेवटचा दिवस बंगल्याच्या अंगणात. शेठ आता गाडी बाहेर द्यायला तयार नव्हते, तिथेच कर म्हणाले आणि दुकानात निघून गेले. मी चारी चाकांखाली फळ्यांच्या थप्प्या लावल्या, गाडी वर चढवली, खाली शिरण्यापुरती जागा केली. शेजारच्या सीटवर बाच बसणार, ती ऐकायलाच तयार नव्हती. नोकराने स्टूल लावून तिला बसवलं. ड्रायव्हरच्या जागी कुणाला बसवायचं? मी तुला हाक मारली. तू कणकेचे हात पुसत बाहेर आलीस. शेठच्या वजनाला तू पुरणार नव्हतीस, म्हणून तुझ्या पायाशी तांदळाची गोणी ठेवली. तू चपला काढल्यास, पदर खोचलास, आणि बसलीस. मी म्हणालो, हलायचं नाही. तू स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलंस, परातीची कड धरतात तसं, आणि समोर बघत राहिलीस. समोर फक्त कंपाउंडची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेलं बाचं लुगडं. मी गोधडी अंथरली, ती तुझी गोधडी, पहिल्यांदाच, आणि खाली गेलो.

खालून मला फक्त लोखंड दिसत होतं आणि बाजूला तुझ्या चपला. पण ऐकू सगळं येत होतं. गाडीचा तळ पातळ असतो, माय, हे तुम्हा दोघींना माहीत नव्हतं, किंवा मी खाली आहे हे तुम्ही विसरलात. बा म्हणाली, "चाल बेन, चलाव. डुमस लई जा." तू म्हणालीस, "मने नथी आवडतुं, बा." आपल्या भाषेत ते मला आवडत नाही असं होईल. पण तू तिच्या भाषेत बोलत होतीस, मला येत नाही असं म्हणत होतीस. आणि तरी तुझा आवाज असा होता की मला वाटलं, हिला आवडतंय. बा तिच्या नवऱ्याबद्दल बोलायला लागली. आफ्रिकेत तो तिला रोज संध्याकाळी दर्याकाठी न्यायचा, वेगाने गाडी चालवायचा, ती डोळे मिटून बसायची. तू हं हं करत होतीस. बाबांनी तुला सायकलवर बसवून एकदा तापीच्या पुलावर नेलं होतं ते तू सांगितलंस. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. माझा पान्हा पहिल्या बोल्टवर तसाच थांबला.

मग बाने विचारलं, "तारो दीकरो जवानो?" तुझा मुलगा जाणार? तू म्हणालीस, "जाई, बा." बा म्हणाली, लग्न करून टाक ना मग, बांधून ठेव, सगळे तसंच करतात. मी वाट पाहत होतो की तू धुळ्याच्या पाहुण्यांचं काढशील. मला तुझी टाच दिसत नव्हती की चेहरा दिसत नव्हता, नुसत्या त्या चपला. आणि मग तू, बाला कळेल की नाही याचा विचार न करता, सरळ आपल्या बोलीत म्हणालीस, "त्यानं चाक आजून हवामा शे, बा. आते आवळं तं फाटी जाई."

बाला किती कळलं कोण जाणे. ती म्हणाली, हा भई, आणि पुन्हा तिच्या दर्याकडे वळली. मी खाली पडून होतो आणि तुझं ते वाक्य माझ्या छातीवर येऊन बसलं. माझीच गोष्ट, पिठाच्या डब्यावरची, तू उचलून नेली होतीस आणि मला न विचारता माझ्यावर लावून बघितली होतीस. मला राग आला आधी. माझ्याबद्दल असं कुणी ठरवून टाकलेलं मला चालत नाही. मग राग गेला, आणि जे उरलं त्याला काय म्हणावं ते मला माहीत नाही. रडू येत होतं, एवढं खरं. तेल डोळ्यात गेलं असं म्हणता आलं असतं, पण विचारायला कुणी नव्हतं.

पुढचं तुला माहीतच आहे. पाहुण्यांचा विषय तू पुन्हा काढला नाहीस. शेठ बाला घेऊन डुमसला गेले, दर्यापर्यंत गेले, आणि येताना बाने तुझ्यासाठी टमाट्याची भजी कागदात बांधून आणली. गाडीत तिला झोप लागली होती, शेठ म्हणाले. मी त्याच महिन्यात मस्कतला गेलो. तू स्टेशनवर आली नाहीस, खोलीच्या दारातच थांबलीस, आणि मी जिना उतरताना पाहिलं की खालच्या मागांच्या खडखडाटातही तू काहीतरी बोलत होतीस, ऐकू मात्र आलं नाही. मस्कतनंतर आणखी दोन शहरं केली. तू गेलीस तेव्हा मी तिथेच कुठेतरी होतो आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी इथे कामरेजला येऊन टेकलो. लोक म्हणतात टेकला. माझं मला ठाऊक आहे, अजून रात्री उठून उगाच हायवेवर जाऊन उभा राहतो. चाक जमिनीवर आलं का, असं तू विचारलंस तर मी काय सांगू? तू असतीस तर कळलं असतं, वजन तूच होतीस.

हा कागद कुठे पाठवायचा, तो प्रश्नच नाही. खणात ठेवीन, पान्ह्यांच्या खाली, आणि तेल लागून महिनाभरात वाचता येईनासा होईल. तेच बरं. पण एक गोष्ट तेवढी लिहून ठेवतो. त्या दुपारी, बा बोलून बोलून थकली आणि पेंगायला लागली तेव्हा, तू खाली न वाकता, समोर बघतच मला विचारलंस, "व्हयनं का रे भाऊ?" आपला करार तुला आठवत होता, मलाही. गाडी झाली की मी मोकळा. मी खालून म्हणालो, "नही माय, आजून नही. बठ." आणि पान्हा नुसत्याच लोखंडावर वाजवत राहिलो. बोल्ट तर केव्हाच आवळून झाले होते.